लाकडाच्या राउटरची खाच आपोआप खोल होत जाते, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

गाव पांढरकवड्याहून बरंच आत, जिल्हा यवतमाळ. शेतीतून सवड मिळाली की रंधा-पटाशी घेऊन बसायचं हे आमच्याकडे आजोबांपासून. धंदा नाही, हौसच. यंदा कापसाचे पैसे हातात आले आणि मी एक छोटा ट्रिमर राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं आणि कडा गोल करायचं विजेचं मशीन, मागवून टाकला. 6.35 मिमीचा कोलेट (बिट, म्हणजे कापायचं पातं, धरणारी चिमटी), मिनिटाला 30,000 फेरे. बिटांचा बारा नगांचा डबा वेगळा घेतला. घरी किंमत अजून निम्मीच सांगितलेली आहे.

काम मोठं नाही. तान्ह्या पोळ्याला दोन्ही धाकट्या पुतण्यांना लाकडी नंदी द्यायचे आहेत. नंदी हातानेच कोरले, शिंगंही बसली. राहिली फक्त चाकांची फळी. पडलेल्या जुन्या घराची सागवानी तुळई होती, ती आरागिरणीवरून चिरून आणली. तिच्यात नंदीच्या पायांसाठी दोन सरळ खाचा आणि चारही कडांना गोलाई, एवढंच.

खाचेची खोली 4 मिमी लावली. सुरुवातीला बरोबर 4 मिमी, दुसऱ्या टोकाला मोजली तर 7! मशीनचा खोलीचा स्क्रू जागचा हललेला नाही. बिट काढलं तर दांड्यावर गोल गोल काळपट ओरखडे. पाना तर मी दात-ओठ खाऊन आवळला होता.

गोलाई मारताना मशीन हातातून पळतं. मी उजवीकडून डावीकडे ओढत होतो, तर एकदा कडेवरून जे सुसाट सुटलं ते डाव्या अंगठ्याच्या बोटभर अंतरावरून गेलं. तेव्हापासून, खरं सांगतो, बटण दाबायला धीर होत नाही.

आणि कडा जळतात. कोपऱ्यावर तर हमखास काळा डाग.

बाबा ओसरीवर बसून सगळं पाहतात. "पटाशीनं कवाच झालं असतं," एवढंच म्हणतात.

प्रतिसाद १

भाऊ, आधी बिटाचा दांडा मोजा. कोलेट 6.35 चा म्हणजे पाव इंची. आपल्याकडे स्वस्तातले बिटाचे डबे पुष्कळदा 6 मिमीचे असतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण कोलेट तेवढा मिटत नाही, बिट अर्धवट धरतो आणि काम करता करता ते खाली सरकत येतं. ओरखडे त्याचेच. कागद नाहीतर टेप गुंडाळून बसवायचा शहाणपणा करू नका, त्या वेगात बिट सुटलं तर गोळीसारखं येईल. एक तर 6 चा कोलेट घ्या, नाहीतर पाव इंची बिटं. बिट पूर्ण आत घालून 2 मिमी मागे ओढायचं, मग आवळायचं. आणि बिट बदलताना प्लग काढलेला पाहिजे. बटण बंद आहे म्हणून भागत नाही.

आता दिशा. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. फळी समोर, तुमच्याकडची कड, तर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. उलट नेलं की बिटच मशीनला ओढून नेतं, तुम्ही तेच केलं. आधी लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या दोन्ही टोकांच्या कडा मारा, लांबीच्या नंतर. कोपऱ्याला छिलपा उडालाच तर लांबीच्या फेरीत निघून जातो.

जळण्याचं कारण म्हणजे हात थांबतो. कोपऱ्यावर वळताना सगळेच थांबतात. एका दमात पूर्ण गोलाई काढू नका, दोन-तीन फेऱ्या करा. बिटावर राळ चढली असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा.

जुनी तुळई आहे म्हणता, तर आधी लोहचुंबक फिरवून पाहा. आत मोडलेला खिळा असला तर बिटाचा दात गेलाच. चष्मा आणि मास्क लावा, सागाचा भुसा नाकाला फार झोंबतो.

प्रतिसाद २

मशीन संध्याकाळी चालवता का? शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडे पंखासुद्धा रेंगाळतो. तेव्हा राउटरचा वेग पडतो आणि लाकूड जळतं. वायरही पहा, बारीक आणि लांब असेल तर त्यात आणखी व्होल्टेज जातं.

मूळ लेखक

थोरला पुतण्या आयटीआयला आहे, त्याने व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणला. बाराही बिटं 6 मिमीची! डब्यावर छापलेलंही आहे, मीच वाचलं नव्हतं. लोहचुंबकाने एक खिळा सापडला, बरोबर दुसरी खाच येणार होती तिथे. प्रतिसाद देणाऱ्या भाऊंना दंडवत.

वायर पंपाची जुनी, चाळीस मीटरची होती, ती बदलतो. दिशेचा सराव आधी बाभळीच्या टाकाऊ तुकड्यावर करतो आहे, मशीन आता पळत नाही.

एक राहिलंच. 7 मिमी खोल गेलेल्या टोकाला काय करू? फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरू, की सागाची पातळ चीप घालू? बाबा म्हणतात मागचा पायच 3 मिमीनं लांब कर. पण नंदी कोरून झालाय ना.