चिमणीपेक्षा लहान सुतार पक्षी: ओळख आणि अधिवास

प्रश्न:
नमस्कार. नाशिकजवळ त्र्यंबक रस्त्यालगत आमचा मळा आहे. बांधावरच्या शेवग्याच्या वाळक्या फांद्यांवर चिमणीपेक्षाही लहान असा सुतार पक्षी हल्ली रोज येतो. डोके तपकिरी, पाठीवर पांढरे आडवे पट्टे आणि डोळ्यामागून मानेपर्यंत उतरलेला रुंद पांढरा पट्टा आहे. करंगळीएवढ्या फांदीला खालून लटकूनही तो चोच मारत असतो. भारतातल्या सर्वांत लहान सुतारांपैकी एक, म्हणजे ठिपकेदार पिक्युलेट, तो हाच का? शिवाय या झाडाची छाटणी करावी का?

उत्तर १:
हा पिक्युलेट नव्हे. वर्णनावरून तो तपकिरी डोक्याचा पिग्मी सुतार आहे. पिक्युलेट जेमतेम १० सेंटीमीटरचा असतो, त्याची पाठ हिरवट आणि पांढऱ्या पोटावर ठळक काळे ठिपके असतात, आणि त्याची शेपटी इतकी आखूड व मऊ असते की इतर सुतारांप्रमाणे तो तिचा टेकू घेऊ शकत नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत आणि दक्षिणेकडे पश्चिम घाटाच्या दमट जंगलांत, विशेषतः बांबूच्या बेटांत, तो मुंग्या व त्यांच्या अळ्या टिपतो. आपला पक्षी सुमारे १३ सेंटीमीटरचा असून त्याला पानगळीची जंगले, आमराया आणि बांधावरची झाडे चालतात. दुर्बिणीतून डोळा पाहावा: बुबुळाभोवतीचा भाग पांढुरका दिसतो. नराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बारीक लाल रेघ असते, पण ती अगदी जवळूनच दिसते.

उत्तर २:
आपल्याकडच्या मोकळ्या माळरानांवर मराठा सुतारही दिसतो, त्यामुळे दोघांत गल्लत होऊ शकते. तो मात्र १७-१८ सेंटीमीटरचा असतो आणि त्याचे कपाळ पिवळसर असते.

उत्तर ३:
छाटणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: शेंगा संपल्यावर उन्हाळ्यात शेवगा छाटतात आणि नेमका तोच या पक्ष्याच्या विणीचा काळ असतो. जिवंत, टणक लाकूड कोरणे एवढ्याशा चोचीला जड जाते, म्हणून नर-मादी मिळून वाळलेल्या, कुजू लागलेल्या फांदीत, बहुधा तिच्या खालच्या बाजूने, ढोली कोरतात. आत गवत-काड्या काहीच नसतात. पांढरी अंडी थेट लाकडाच्या भुश्यावर असतात. तेव्हा फांदीच्या पोटाशी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, गोल भोक आहे का, हे खालून नीट पाहावे. असल्यास ती फांदी पिल्ले उडेपर्यंत तोडू नये. हिरव्या फांद्या छाटायच्याच असतील तर त्याही तोवर थांबवाव्यात. भोक नसले तरी एखादी जाडसर वाळकी फांदी, खाली कोणाची ये-जा नसेल तर, राहू द्यावी.