मदत हवी आहे: रात्रीच्या दशावतारासाठी मोठा सेन्सर घ्यावा की लेन्स?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत दशावतार असतो. पालखी झाली की मध्यरात्री सुरू होतो, तो पहाटे दहीकाला होईपर्यंत. यंदा अख्खी रात्र जागून चित्रीकरण केलं. गणपती, रिद्धी-सिद्धी बरे आले. मग संकासुर राक्षस आला. काळा पोशाख, काळा बुरखा, तांबडी जीभ, आणि त्या काळ्या कापडावर नुसते रंगीत दाणे वळवळताहेत! फार वाईट वाटलं, कारण मला तोच नीट जपून ठेवायचा होता.

कॅमेरा एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स. मागे बसावं लागतं म्हणून झूम ५५ वर, तिथे ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, ५.६ (आकडा लहान तितका प्रकाश जास्त). आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) ६४००. शटर १/५० च्या खाली नेलं तर युद्धात हात-तलवारी फरफटतात.

सगळे म्हणतात मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम कॅमेरा घे. मी हिशेब केला: ३६×२४ म्हणजे ८६४ चौरस मिमी, माझा २३.५×१५.६ म्हणजे साधारण ३६७. जेमतेम २.४ पट, सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). एवढ्यासाठी इतका खर्च करावा का? बॉडी आणि लेन्स दोन्ही एकदम झेपणार नाही.

प्रतिसाद: हिशेब बरोबर आहे, आता तोच लेन्सला लावा. ५.६ वरून १.८ ला आलात की जवळपास दहापट प्रकाश. एफ/२ वर ठेवली तरी आठपट, म्हणजे ६४०० चा आयएसओ थेट ८००. फुलफ्रेमवर पुन्हा ५.६ चीच झूम लावलीत तर तो सव्वा स्टॉपच हाती लागेल. आधी ५० मिमी १.८ घ्या. फोकसची खोली मात्र कमी होईल, पुढे-मागे पळणारं पात्र सुटू शकतं. आणि तुमचा कॅमेरा फोरके (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं) चित्रीकरण करताना सेन्सरच्या कडा कापतो का, ते पाहा. कापत असेल तर आहे तो सेन्सरही तुम्ही पुरता वापरत नाही; मग फुल एचडीवर करून बघा. अंधारात चित्रीकरण करून नंतर संगणकावर उजळू नका, दाणे तिथेच वर येतात.

धागाकर्ता: मनापासून आभार. फोरकेच होतं, तपासतो. एकच अडचण: आठ मीटरवरून ५० मिमीत पावणेचार मीटर रुंदी बसते. रंगमंचावरचं बाकडं आणि युद्ध येईल, पण पेटी-पखवाज बाहेर राहतील. ३५ मिमी घेऊन पुढच्या रांगेत बसणं बरं का? कोणी तसं केलंय?