मदत हवी आहे : कड्यावर बसलेला फुलमार वीण करतोय की नुसता जागा अडवून बसलाय?

१८७८ पर्यंत ब्रिटनमध्ये नॉर्दर्न फुलमार या समुद्रपक्ष्याची वीण फक्त स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवर होत असे. त्या वर्षी तो शेटलंडच्या फौला बेटावर आला आणि मग जवळजवळ सगळ्या किनाऱ्यावर पसरला. आता अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेला, मी नेहमी जातो त्या लहानशा कड्यावर सात पक्षी दिसताहेत. आधी इथे एकही नसायचा.

मे अखेरपासून चार फेऱ्या झाल्या, दर वेळी दोन तास. समोरच्या टेकाडावरून स्पॉटिंग स्कोपने (स्टँडवरच्या दुर्बिणीने) बघतो आणि प्रत्येक जागेचा फोटो काढून नंबर टाकलाय. तीन जागांवर दर वेळी पक्षी पोट टेकून बसलेला होता. पण एकदा तिसऱ्या जागेवरचा उठला, तर खाली नुसता उघडा खडक! अंडं नव्हतंच की कपारीत असून दिसलं नाही, कोण जाणे. घरटं म्हणावं असं हे काही बांधतही नाहीत.

जवळ जाणार नाही, ड्रोनही नको. पक्ष्यांना त्रास नको, आणि ते उग्र वासाचं तेल अंगावर उडवतात ते वेगळंच.

हे पक्षी पहिल्या विणीआधी काही वर्षं नुसतेच येऊन बसतात, म्हणून नोंद करताना घाई नको वाटते. अशी मोजणी केलेलं कुणी आहे का इथे? सलग किती फेऱ्यांत पक्षी बसलेला दिसला तर ती विणीची जागा धरता? की ऑगस्टमध्ये पिल्लू दिसेपर्यंत थांबायचं?