इलेक्ट्रॉन न्यूक्लियसमधी पडत काऊन नाई?

दारव्ह्याचा पोट्टा:
बारावीले हाय. सरांनी सांगतलं का रदरफोर्डच्या मॉडेलनं (मधात न्यूक्लियस, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन) इलेक्ट्रॉन फिरत फिरत न्यूक्लियसमधी पडाले पाह्यजे, अन लगेच बोअरचा नियम फळ्यावर लिवला का ठरलेल्या कक्षेत तो एनर्जी टाकत नाई. पण काऊन टाकत नाई? पृथ्वी बी फिरतेच ना सूर्याभोवती, ते कुठं पडते? पेपरसाठी नाई इचारत, मले खरंच समजून घ्याचं हाय.

वरुडकर:
भाऊ, पृथ्वी एकंदरीत न्यूट्रल हाय. ते बी गुरुत्वीय लहरी टाकते पण जेमतेम २०० वॅट, तेवढ्यानं तिचं काही बिघडत नाई. चार्ज असलेला कण वळला का अ‍ॅक्सलरेशन (वेगातला बदल) आलं, अन अ‍ॅक्सलरेशन आलं का रेडिएशन (एनर्जी बाहेर फेकणं) आलंच, लार्मरनं १८९७ मधी त्याचं सूत्र देलं. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रामधी इलेक्ट्रॉन रिंगणात फिरवतात, ते इतका प्रकाश फेकतात का गेलेली एनर्जी सारखी भरत राहा लागते. हायड्रोजनचा हिशेब कर, सेकंदाचे सहा हजार कोटी तुकडे केले तर एका तुकड्यात इलेक्ट्रॉन आत. वरून पडता पडता फेऱ्या वाढत जातीन अन फेऱ्यांसंगं प्रकाशाचा रंग बदलत जाईन म्हणून सलग रंग दिसाले पाह्यजे, अन हायड्रोजन भरलेल्या चमकत्या नळीत दिसतात ६५६, ४८६, ४३४ नॅनोमीटरच्या सुट्या रेषा.

जुना मास्तर:
बेटा, तुझ्या "काऊन"चं उत्तर बोअरकडं नव्हतंच. १९१३ मधी त्यानं नियम मांडला, रेषा जुळल्या, कारण राहून गेलं. ते १९२६ च्या श्रोडिंगरच्या समीकरणातून आलं. इलेक्ट्रॉन लहरीसारखा पसरलेला असतो, अन लहर लहान जागेत कोंबली का कायनेटिक एनर्जी (हालचालीची एनर्जी) वाढते. त्रिज्या निम्मी केली तर कायनेटिक चौपट होते पण आकर्षणातून मिळते फक्त दुप्पट, म्हणून आत जाणं महागात पडतं. दोन्हीची बेरीज सगळ्यात कमी ०.५३ अँगस्ट्रॉमला, उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याच्या खाली पायरीच नाही, मग एनर्जी टाकून तो जाईल कुठं? अन "फिरतो" हे डोक्यातून काढ, त्या अवस्थेत ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचं माप) शून्य असतो, बोअरनं मात्र एक एकक धरला होता.

दारव्ह्याचा पोट्टा:
सर मंग वरच्या लेव्हलवरून (एनर्जीच्या वरच्या पायरीवरून) खाली येतानी प्रकाश कायले टाकते?

जुना मास्तर:
तेव्हा दोन अवस्था मिसळलेल्या असतात, म्हणून चार्जचा ढग खरंच हलतो. सेकंदाला किती वेळा? दोन लेव्हलच्या एनर्जीतला फरक भागिले प्लांकचा स्थिरांक (एनर्जी अन वारंवारता जोडणारा ठरलेला आकडा). तिसरीवरून दुसरीवर येतानी काढून पाहा, ६५६ ची लाल रेषच मिळते.