फुगली नाही म्हणजे चांगली, असे नव्हे
पाकीट फुगलेले नसेल तर वीस वर्षांपूर्वीची 'एमआरई' (मील, रेडी-टू-ईट, म्हणजे सैनिकांसाठीचे तयार जेवण) शिधापाकिटेही निर्धास्तपणे खाता येतील, या मताशी मी सहमत नाही. अमेरिकी सैन्याने 1981पासून डब्यांच्या जागी आणलेले हे जेवण रिटॉर्ट पाकिटात (उष्णता सोसणाऱ्या हवाबंद पाकिटात) दाबाखाली उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असल्यामुळे ते दीर्घकाळ टिकते हे खरे. पण त्याचे आयुष्य वर्षांपेक्षा साठवणुकीच्या तापमानावर ठरते. सुमारे 27 अंश सेल्सिअसला तीन वर्षे टिकणारा माल 38 अंशांना जेमतेम सहा महिन्यांचा मानला जातो. म्हणूनच खोक्यावर तापमानदर्शक चकती लावलेली असते आणि तिचे आतले वर्तुळ बाहेरच्या कड्यापेक्षा गडद झाले असेल, तर तो माल वापरू नये. सुट्या पाकिटाबरोबर मात्र ही चकती येत नाही, आणि जुनी पाकिटे विकत घेणाऱ्यांच्या हाती बहुधा सुटी पाकिटेच पडतात.

त्यात पाकिटावरचा तारखेचा आकडाही फसवा. '1068' म्हणजे 1ने संपणाऱ्या वर्षाचा 68वा दिवस, अर्थात 9 मार्च. पण वर्ष 2011 की 2021, हे त्यावरून कळत नाही.

जुनाट चीज खवट लागते, निदान जीभ सावध तरी करते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या विषाला मात्र चव नसते, वासही नसतो, आणि शिवणीतल्या बारीक छिद्रातून वायू निसटला तर पाकीट फुगणारही नाही. संग्रहासाठी ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, न उघडता.