मदत हवी आहे: इन्स्टाग्रामवरच्या पोस्टमधला एकच फोटो बदलायचाय

नमस्कार मंडळी. आईच्या दिवाळी फराळाची पोस्ट काल इन्स्टाग्रामवर टाकली, 8 फोटो एकत्र. त्यातल्या पाचव्यात गेल्या वर्षीचं दरपत्रक गेलंय! चूक माझीच, घाईत जुनंच उचललं. तिघीजणी जुन्या भावात चकल्या सांगून मोकळ्याही झाल्या.

'एडिट'मध्ये मजकूर बदलता येतो, कचऱ्याच्या डब्याची खूण दाबून तेवढा फोटो काढताही येतो. पण त्या जागी नवा कसा घालायचा? फेसबुकवर जुना काढून नवा जोडला, इथे तशी सोयच दिसत नाही. अख्खी पोस्ट उडवली तर कमेंटमधल्या ऑर्डरीही जातील. नवे दर कमेंटमध्ये लिहून ती पिन केली, तर लोक वाचतात का? की सरळ नवी पोस्ट टाकू? आई सकाळपासून विचारतेय.