मदत हवी आहे: नववीच्या 'धाराविद्युत'चा ऑनलाइन पाठ. मार्क मिळतात, पण समजत नाही

शाईपेन:
नववीचा 'धाराविद्युत' घरून करता येईल असा बसवते आहे. मराठी माध्यम, ४६ मुलं, गूगल क्लासरूम. मूडल (शाळेने स्वतः सांभाळायची ऑनलाइन वर्गप्रणाली) चालवायला शाळेत माणूस नाही. बहुतेक घरांत एकच फोन, तोही संध्याकाळी हाती येणारा.

सध्या १२ मिनिटांचा व्हिडिओ (ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रामवर स्लाइडांचं रेकॉर्डिंग, २४० एमबी), पीडीएफ आणि १० प्रश्नांचा गूगल फॉर्म असं आहे. अडचणी तीन:
१) व्हिडिओ तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सुटतो.
२) फॉर्ममध्ये मार्क चांगले, पण तोंडी विचारलं की 'दिव्यातून गेल्यावर धारा कमी होते' हे ठरलेलं चुकीचं उत्तर.
३) उत्तर बरोबर लिहूनही काहींना शून्य.

कळफलक:
तिसरी सोपी आहे. फॉर्म लहान उत्तर अक्षराला अक्षर लावून बघतो. देवनागरी अंकांतलं ०.४५ आणि इंग्रजी अंकांतलं 0.45 ही त्याच्या लेखी दोन वेगळी उत्तरं. नुसतं .४५ हे तिसरं, '०.४५ A' चौथं. उत्तरसूचीत हे सगळे प्रकार भरा आणि एकक प्रश्नातच देऊन टाका: 'उत्तर अँपिअरमध्ये, फक्त अंक'.

शब्दांत उत्तर मागत असाल तर आणखी एक खोच. 'ॲमीटर'मधला ॲ काही कळफलक एकसंध अक्षर म्हणून टाकतात, काही अ वर वेगळा चंद्र चढवतात. दिसायला एकच, जुळणीत नापास. पारिभाषिक शब्द टाइप करायला लावूच नका, पर्याय द्या.

ठिणगी:
२४० एमबी कुठून आले ते आधी. तुमच्या ओबीएसची सेटिंग बहुधा सेकंदाला २५०० किलोबिट असणार, आवाजाचे १६० धरा. २६६० गुणिले ७२० सेकंद, भागिले ८, हिशेब २४० एमबीच्या आसपासच येतो. हलणारं काही नसलेल्या स्लाइडला एवढं लागत नाही.

हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये घ्या: ८५४ × ४८०, सेकंदाला १५ फ्रेम, दर्जाची पट्टी (आरएफ) २७, आवाज मोनो ६४ किलोबिट. 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर खूण हवी, नाहीतर फाइलची सूची शेवटी राहते आणि काही फोनांत व्हिडिओ सुरू व्हायलाच वेळ लागतो. ४८० वर 'ष्ट्र', 'द्ध' असली जोडाक्षरं पुसट होतात, म्हणून स्लाइडवर पाच-सहा ओळींच्या वर मजकूर नको आणि परिपथाच्या रेघा जाड काढा. रेकॉर्डिंग थेट साध्या एमपी४ मध्ये करू नका. मध्येच वीज गेली तर ती फाइल उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात करा, नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या 'रिमक्स'ने एमपी४ करून घ्या.

हे सगळं करूनही १२ मिनिटं ती १२ मिनिटंच. चार तुकडे करा, एका तुकड्यात एकच प्रश्न.

जोडतार:
खरा घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे. तुमचे १० प्रश्न बहुधा सूत्रात आकडे घालण्याचे असणार. ते सुटायला धारा म्हणजे काय हे कळावं लागत नाही. पाठाची सुरुवात व्हिडिओने करू नका, त्या चुकीच्या समजापासून करा.

फॉर्म पहिला, बिनमार्कांचा, एकच प्रश्न: 'दोन सारखे दिवे एकसर जोडले. पहिल्याच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर, धारा कुठे जास्त?' चुकीचे पर्याय मुलं तोंडी जे बोलतात तेच, त्यांच्याच शब्दांत.

मग फेट या विज्ञानाच्या मोफत सिम्युलेशनांच्या संकेतस्थळावरचं परिपथ-जोडणीचं सिम्युलेशन. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन दिवे, तिन्ही जागी ॲमीटर. तिन्हीकडे ०.४५ दिसतं. एक दिवा काढून तार जोडा, ०.९०. तेच दोन दिवे समांतर केले की बॅटरीजवळ १.८० आणि प्रत्येक फांदीत ०.९०. तारेचा रोध आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवायच्या पट्ट्या तिथेच आहेत. त्यांना हात लागला की आकडे बिघडतात आणि मुलं 'आमचं चुकलं' म्हणून सोडून देतात, तेव्हा सूचनेत ते आधीच लिहा.

फॉर्म दुसरा वेगळाच ठेवा. एकाच फॉर्मचे दोन विभाग केले तर मुलं मागे जाऊन आधीचा अंदाज बदलतात, फॉर्ममध्ये त्याला कुलूप नाही. या दुसऱ्यात 'उत्तरानुसार विभागात जा' वापरा: प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्याचा स्वतःचा खुलासा आणि ४० सेकंदांचा तुकडा. प्रत्येक विभागाच्या शेवटी पुढे कुठे जायचं हे हाताने ठरवावं लागतं. ते राहिलं की फॉर्म सरळ पुढचा विभाग दाखवतो, आणि एका चुकीचा खुलासा वाचून झाला की दुसऱ्याच चुकीचा समोर येतो.

शाईपेन:
अंदाज आणि खुलासा वेगळे करायचं सुचलंच नव्हतं. दोन शंका. सिम्युलेशनची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालेल? आणि भावंडं एकाच फोनवरून भरतात, त्याचं काय?

जोडतार:
फाइल चालते, डाउनलोड करून घेतली की नेटही लागत नाही. फक्त काही फोन ती साध्या वाचकात उघडतात आणि पांढरा पडदा दिसतो. 'क्रोममध्ये उघडा' हे स्क्रीनशॉटसह पाठवा.

भावंडांसाठी 'एकच प्रतिसाद' ही अट काढा. ती खात्याला लागते, मुलाला नाही. त्यात फोन वडिलांच्या खात्यावर, म्हणजे ईमेलवरून मूल ओळखता येणारच नाही. हजेरी क्रमांक ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा. टाइप करायला दिलात तर कळफलक यांनी वर सांगितलेला अंकांचा गोंधळ तिथेही होईल.